सातचा भोंगा आणि पोरांचे मोबाईल : तुमच्याकडं काय चालतं, काय फसतं? (अनुभव धागा)

कृष्णाकाठ

मोहित्यांच्या वडगावचा तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, घराघरांत टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा चालू. आवाज ऐकला आणि साखर कारखान्याचा पाळीचा भोंगा आठवला. तो झाला की गावात कुणी घड्याळ बघायचं नाही, डबे भरले जायचे, सायकली निघायच्या. भोंगा एकट्यासाठी वाजत नाही, त्यातच सगळी मेख आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सांगली जिल्हा, कडेगाव तालुका, तीनेक हजार वस्ती. ऑगस्ट २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी बायकांच्या सभेत ठरलं. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीची माणसं आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले.

तिकडं ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना इन्स्टा, फेसबुक, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूबवर खातं ठेवता येत नाही. दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. पोरांना नाही, आईबापांना नाही. आपल्याकडं एसटीत आणि पारावर दोनच मतं ऐकू येतात. एक, मोबाईलनं पिढी वाया गेली. दोन, टीव्हीलापण असंच म्हणायचे.

दोन्ही ऐकून कान किटले. म्हणून हा धागा. ज्यांचा रोजचा संबंध येतो (शाळा, दवाखाना, मोबाईलचं दुकान, तालीम, ठाणं) त्यांनी नेमकं लिहा. कुठलं बटण, किती वेळ, कुठं फसतं. भाषण नको.

हळदबाजार

भाषण नको म्हणालात, निम्मी सांगली बाहेर गेली की हो.

काचवाला_विश्रामबाग

गिऱ्हाईक कमी आहे तोवर लिहितो.

दहावी-अकरावीच्या पोरांच्या फोनात सगळ्यात मोठी चूक एकच. फोन बापाच्या जीमेलवर चालू केलेला असतो. म्हणजे गुगलच्या हिशेबानं हातात फोन धरलेला माणूस पंचेचाळीस वर्षांचा. मग त्याला पंचेचाळीसच्या माणसाचंच सगळं दिसणार. इन्स्टाचं त्याहून सोपं. जन्मसालाचं चाक असतं, पोरगं अंगठ्यानं एक फिरकी मारतं आणि ते जाऊन २००० च्या आसपास थांबतं. झालं, सज्ञान.

हे का महत्त्वाचं, तर फेब्रुवारी २०२५ पासून भारतात इन्स्टाची टीन अकाउंटं आलीत. अठराच्या आतलं खातं आपोआप खाजगी, अनोळखी माणसाचा मेसेज येत नाही, ६० मिनिटांनी ‘आता पुरे’ची सूचना, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प. सोळाच्या आतल्याला यातलं काही सैल करायचं तर पालकाची परवानगी. पण सगळं जन्मसालावर चालतं. साल खोटं असलं की हे सगळं पाण्यात. बदलायचं तर सेटिंगमध्ये अकाउंट्स सेंटर, मग पर्सनल डिटेल्स, मग बर्थडे. तेराच्या खालची तारीख मात्र टाकू नका, खातंच बंद पडतं.

आणि ते रात्री गप्प राहणं म्हणजे कुलूप नव्हे. ॲप उघडलं की उघडतं.

फॅमिली लिंकबद्दल (पोराच्या फोनवर लक्ष ठेवायचं गुगलचं ॲप) रोज चार जण विचारतात. पोराचं स्वतःचं गुगल खातं काढायचं, तारीख खरी, त्याच खात्यानं त्याचा फोन चालू करायचा, आई किंवा वडिलांच्या फोनात फॅमिली लिंक टाकायचं. आता त्यात दिवसाची एकूण मर्यादा असते, झोपेची वेळ असते आणि एकेका ॲपची मर्यादा असते. लोक तिन्हीला एकच समजतात. एकूण मर्यादा शक्यतो लावू नका. अभ्यासाचा व्हिडिओ आणि रील एकाच पिशवीतनं जातात. पोरगं आधी रील बघून पिशवी रिकामी करतं आणि मग ‘पप्पा, सरांनी लिंक पाठवलीय, वेळ वाढवा’. ॲपची मर्यादा लावा आणि झोपेची वेळ लावा. झोपेच्या वेळेत फोन लॉक होतो, आलेला कॉल घेता येतो.

फसतं कुठं? ॲपला अर्धा तास लावला की क्रोममधून इन्स्टा उघडतात. ती साइट क्रोमच्या यादीत वेगळी बंद करावी लागते. काही फोनांत ड्युअल ॲप असतं, एका इन्स्टाचे दोन होतात, तेही बघा. पिन कोड गाडीचा नंबर नको, ते पहिल्याच दिवशी सापडतं.

आणि सगळ्यात मोठी गळती म्हणजे कपाटातला जुना फोन. सिम नसलं तरी हॉटस्पॉटवर पळतो. काच बदलायला आणतात, ‘आजीसाठी पाहिजे’ म्हणतात.

वाईची_सून

आजीसाठी 😂😂

काका, आयफोनवर फॅमिली लिंक चालतं का? यांच्याकडं आयफोन आहे, पोराकडं साधा.

काचवाला_विश्रामबाग

चालतं. बघणाऱ्याचा आयफोन चालतो, ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याचा अँड्रॉइड पाहिजे. पोराकडंच आयफोन असेल तर त्याचं स्वतःचं स्क्रीन टाइम असतं. त्याचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा, हे नव्वद टक्के लोक विसरतात. (नव्वद टक्के हा माझा आकडा, सर्व्हे नाही.)

मिरज_रात्रपाळी

ड्युटीवर आहे, तुकड्या-तुकड्यांत लिहीन.

झोप. बाकी सगळ्या वादाआधी झोप विचारा. तेरा ते अठराच्या पोराला ८ ते १० तास लागतात. या वयात शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, रात्री झोप उशिरा येते, तो दोष पोराचा नाही. त्यात शाळा सकाळची आणि पाचला क्लास. मग दोन्हीकडून कातर लागते.

आता मोबाईल त्यात कुठं येतो ते बघा. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकचा डेटा रात्री बाराला नवा होतो. संध्याकाळीच संपलेला असतो. म्हणून पोरगं अकराला झोपत नाही, बारापर्यंत जागं राहतं, कारण बाराला नवा डेटा येतो. काही पॅकांत तर बारा ते सहा फुकट असतो. पालक म्हणतात व्यसन लागलं. कधी कधी नुसतं पॅकचं वेळापत्रक असतं.

मिरज_रात्रपाळी

पुढं. उपाय फार साधा आहे. चार्जिंगची जागा झोपायच्या खोलीत नको. स्वयंपाकघरात किंवा टीव्हीखाली एक बोर्ड, घरातले सगळे फोन साडेदहाला तिथं. सगळे म्हणजे बापाचा पण. ‘अलार्म लावायचाय’ ही पोरांची एक नंबरची सबब, म्हणून आधी गजराचं घड्याळ घ्या. पहिले चार-पाच दिवस चिडचिड होते, आठवड्यात बसतं. पहिला आठवडा परीक्षेत धरू नका, फसतं. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटी सुरू करा.

तासगाव_माणिकचमन

बापाचा पण??? इथंच धागा बंद करूया काय

कृष्णाकाठ

माणिकचमन, व्यापाऱ्याचा भाव रात्री अकराला येतो म्हणून सांगा घरात 😀

तासगाव_माणिकचमन

सांगून झालंय. बायको म्हणाली द्राक्षं फेब्रुवारीत असतात, आता ऑगस्ट चाललाय.

चारभिंती

थोडं कोरडं लिहितो, पण ‘संशोधन सांगतं’ म्हणून दोन्ही बाजू जे फेकतात ते एकदा नीट मांडलेलं बरं.

‘नुकसान होतं’वाले अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल (तिथल्या सरकारचे मुख्य आरोग्य सल्लागार) विवेक मूर्ती यांचं मे २०२३ चं पत्रक दाखवतात. त्यात होतं की रोज तीन तासांहून जास्त सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलांत नैराश्य-चिंतेच्या लक्षणांची जोखीम दुप्पट दिसते. २०२१ मध्ये फेसबुकमध्येच काम केलेल्या फ्रान्सिस हॉगेननं फेसबुकच्या आतली कागदपत्रं बाहेर काढली. त्यातली एक ओळ अशी, की ज्या मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं त्यांतल्या ३२ टक्के म्हणाल्या, इन्स्टाग्राममुळं आणखी वाईट वाटलं. कंपनीला हे माहीत होतं, खरा मुद्दा तो.

‘एवढं काही नाही’वाले ऑर्बेन आणि प्रझिबिल्स्की या संशोधकांचा २०१९ चा अभ्यास दाखवतात. साडेतीन लाखांवर पोरांची माहिती. स्क्रीनचा वापर आणि मनाची स्थिती यांचा संबंध आहे, पण मुलामुलांतल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के त्यानं समजतो. त्याच माहितीत बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघाला. हे बटाट्याचं वाक्य तेव्हा जगभर गाजलं.

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सरासरीत नदी गुडघाभर असते, सांगलीच्या आयर्विन पुलाखालचा डोह सरासरीत दिसत नाही. आणि संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. उदास पोरगं जास्त वेळ फोनवर असतं की फोनमुळं उदास होतं, हे एकाच दिवशी विचारलेल्या प्रश्नावलीतून कळत नाही.

त्याच ऑर्बेनचा २०२२ चा अभ्यास मला जास्त कामाचा वाटतो. ब्रिटनच्या मुलांवरचा. एखाद्या वर्षी वापर वाढला तर पुढच्या वर्षी समाधान घसरतं का, हे वयावार बघितलं. ते दिसलं मुलींत ११ ते १३ ला, मुलग्यांत १४-१५ ला, आणि दोघांत परत १९ च्या सुमाराला. आपल्या हिशेबात मुलगी सहावी ते आठवी, मुलगा नववी-दहावी. आणि १९ म्हणजे पुण्याला किंवा कोल्हापूरला खोली करून राहिलेलं वर्ष, जेव्हा घरचं कुणी बघत नाही. सगळं रान एकदम राखण्यापेक्षा या तीन बांधांवर उभं राहा.

हळदबाजार

डोहाचं उदाहरण आवडलं. पण बटाटा आमच्याकडं वड्यात घालतात, त्याचा मनाच्या स्थितीशी थेट संबंध आहे.

माणदेशी_मावशी

सगळे बापे लिहिताय म्हणून एक सांगते. सात ते साडेआठ ही भाकरीची वेळ. त्या वेळात दोन-तीन वर्षांच्या पोराला फोन कोण देतं? आई देते. का देते? चुलीपाशी नको यायला म्हणून. तो भोंगा वाजला की पोरगं मोकळं सुटतं आणि तवा गरम असतो. तेव्हा ‘मोबाईल बंद करा’ म्हणणाऱ्यानं आधी उठून पोरगं घ्यायचं. आमच्या भागात ज्या घरात आजा किंवा बाप त्या दीड तासात पोरगं ओट्यावर घेऊन बसतो तिथं जमलंय, बाकी घरांत आठ दिवसांत बंद पडलं.

बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं असं आहे: दोन वर्षांच्या आत अजिबात नाही, दोन ते पाच फार तर एक तास, तोही मोठ्या माणसाबरोबर, पाच ते दहा दोन तासांच्या आत. एकटीला जमत नसेल तर कणकेचा गोळा द्या, वाटाणे सोलायला द्या. सांडतं, पण वीस मिनिटं जातात.

वाईची_सून

मावशी 🙏 कणकेचा गोळा खरंच चालतो. थोडा तेलाचा हात लावून द्या, हाताला चिकटत नाही.

माणदेशी_मावशी

आणि हळद घातली की रंग येतो, पण मग फरशी पिवळी.

दूधसंकलन

भोंगा बसवायचा विचार असलेल्या गावांसाठी. आमच्या पट्ट्यात दोन-तीन ठिकाणी घाईनं केलं आणि बसलं. का बसलं ते लिहितो.

एक तर वेळ. सातला निम्मं गाव दुधाच्या रांगेत असतं. संकलन साडेसहा-सातला संपत असेल तरच सात ठेवा, नाहीतर साडेसात. आयपीएलचा सामना साडेसातलाच सुरू होतो हे ध्यानात ठेवा. ते दोन महिने सवलत द्यायची का नाही हे आधी सभेत ठरवा. न ठरवता सुरू केलं की पहिला फितूर तिथंच होतो.

लाईट. भोंगा विजेवर असतो आणि भारनियमनात मुका होतो. मग ‘आज वाजला नाही’ म्हणून सगळे चालू. देवळाच्या इन्व्हर्टरवर जोडा नाहीतर घंटा वाजवणारा एक माणूस नेमा. टायमरवर सोडू नका, लाईट गेली की बऱ्याच टायमरांची वेळ चुकते आणि भोंगा पहाटे वाजतो. हे झालेलं आहे.

मोटर. आता विहिरीवर मोबाईल स्टार्टर असतात, थ्री फेज आली की फोनवर कळतं. रात्रपाळीची लाईट असलेला शेतकरी फोन बंद ठेवणार नाही, ठेवूही नये. स्टार्टरला नोंदवलेला नंबर साध्या बटणाच्या फोनात टाका. तो चालू, स्मार्टफोन बंद. एवढ्या एका गोष्टीनं निम्मा विरोध संपतो.

शेवटचं, पोरं त्या दीड तासात जाणार कुठं? घरात बसून भिंत बघणार नाहीत. देवळाचा सभामंडप, चांगला उजेड, सतरंज्या आणि एक मोठा माणूस. अभ्यासाची सक्ती करू नका. नुसता उजेड आणि जागा दिली की पोरं दप्तर घेऊन येतात. उजेड नसेल तर कट्ट्यावर बसतात आणि मग कट्ट्याचे वेगळे त्रास.

रानवारा_जावळी

कट्ट्याचे त्रास 😄 मोबाईलच बरा म्हणायची वेळ

फळा_खडू

शाळेच्या बाजूनं. असर २०२४ चा (खेड्यांतल्या शिक्षणाच्या पाहणीचा) अहवाल सांगतो, १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी वापरला, ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. देशाचा आकडा आहे. म्हणजे पोरगं एका फोनवर दोन्ही करतं, आणि घरात ‘अभ्यासाला पाहिजे’ हे अर्धं खरं असतं. अर्ध्या खऱ्याशी भांडणं अवघड.

ते अर्धं खरं शाळेनंच तयार केलंय, हे आधी मान्य करू. गृहपाठ व्हॉट्सॲपवर, तोही रात्री नऊला. एका शाळेत सातवीच्या एका वर्गाचे अकरा ग्रुप निघाले. मोजले तेव्हा शिक्षकच बघत बसले.

जमलेली पद्धत सांगतो. गृहपाठ फळ्यावर, वहीत उतरवून घ्यायचा. वर्गाला एकच ग्रुप, त्यात पालकांचेच नंबर. ग्रुपच्या परवानग्यांत मेसेज पाठवायची मुभा फक्त ॲडमिनना. दिवसाला एक संदेश, संध्याकाळी सहाच्या आत. व्हिडिओची लिंक द्यायचीच असेल तर तो व्हिडिओ शाळेतल्या टीव्हीवर दाखवायचा. असं केलं की ‘सरांनी लिंक पाठवलीय’ हे वाक्यच मरतं. अडचण एकच, काही पालक ‘शाळा डिजिटल नाही’ म्हणून तक्रार करतात. सहामाहीच्या निकालापर्यंत दम धरायचा.

काचवाला_विश्रामबाग

मास्तर, अकरा ग्रुप वाचून फोन हँग का होतात ते कळलं.

चष्मा_गणपतीपेठ

डोळ्यांचं कुणी लिहिलं नाही. फोन आठ-दहा इंचांवर धरतात, पुस्तक त्याहून लांब असतं. एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास पापण्या लवतात, स्क्रीनवर निम्म्याहून कमी. म्हणून संध्याकाळी डोळे चुरचुरतात. पालक म्हणतात नंबर वाढला. बऱ्याचदा नंबर नसतो, कोरडेपणा असतो. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं, आणि मुद्दाम पापण्या मिटायच्या.

लांबचं धूसर दिसण्याचा नंबर लागू नये म्हणून मात्र उन्हातला वेळ हा आतापर्यंतचा चांगला उपाय. दिवसाला दोन तास बाहेरचा उजेड. खेळलंच पाहिजे असं नाही, बाहेर असलं पाहिजे. निळा प्रकाश अडवणाऱ्या (ब्लू कट) काचेच्या चष्म्याला जादा पैसे देऊ नका. (दुकानदार असून सांगतोय, लिहून ठेवा.)

हळदबाजार

लिहून ठेवलं. शेजारच्या दुकानात दाखवू का?

खाकी_निवृत्त

जरा गंभीर. अठराच्या आसपासच्या मुलांत सध्या जे जास्त दिसतं ते असं: अनोळखी मुलीच्या नावानं रिक्वेस्ट, दोन दिवस गप्पा, मग व्हिडिओ कॉल, स्क्रीन रेकॉर्ड, आणि ‘पैसे दे नाहीतर सगळ्या फॉलोअरना पाठवतो’. मुलींच्या बाबतीत ओळखीचाच असतो आणि पैशाऐवजी आणखी फोटो मागतो.

पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की तो गिऱ्हाईक म्हणून धरतो. घाबरून चॅट पुसायचं नाही, खातं उडवायचं नाही. पहिलं काम स्क्रीनशॉट. त्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे, आणि त्याच्या प्रोफाइलची लिंक वेगळी कॉपी करून ठेवायची. नुसतं नाव घेऊन येतात, नाव तो दहा मिनिटांत बदलतो. मग ब्लॉक. पैसे गेले असतील तर लगेच १९३० नंबरला फोन, जेवढा उशीर तेवढी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. बाकी तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इनवर, लहान मुलांचा आणि बायकांचा विभाग वेगळा आहे.

फोटो पसरू नये म्हणून अठराच्या आतल्यांसाठी ‘टेक इट डाउन’ आहे, वरच्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’. दोन्ही फुकट. फोटो कुठं जात नाही, फोनवरच त्याचा एक आकडा तयार होतो आणि तो कंपन्यांना जातो. सहभागी ठिकाणीच चालतं, व्हॉट्सॲपच्या बंद चॅटमध्ये नाही.

आणि लोक नेमकं इथंच चुकतात. ‘हा फोटो कोण पसरवतंय बघा’ म्हणून काका-मामा तोच फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकतात. अठराच्या आतल्या मुलाचा किंवा मुलीचा असा फोटो पुढं पाठवणं हाच गुन्हा आहे. आयटी कायद्याचं कलम ६७ ब, पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, वर पॉक्सो. चांगल्या हेतूनं पाठवलं तरी. फोन घेऊन ठाण्यात जा, फॉरवर्ड करू नका.

मिरज_रात्रपाळी

यात जोडते. असं काही झालेलं पोरगं पहिल्यांदा गप्प होतं, जेवत नाही, फोन उलटा ठेवतं. त्या वेळी ‘तू कशाला उचललास कॉल’ विचारू नका. रात्रीपण चालणारा नंबर, टेलि-मानस १४४१६, मराठीत बोलतात, पैसे नाहीत. लहानांसाठी १०९८. या वेळी फोन काढून घेणं ही शिक्षा वाटते. पुढच्या वेळी पोरगं सांगणारच नाही, म्हणून तेवढं टाळा.

लालमाती_कराड

तालमीतलं सांगतो. पोरांचं डोकं फिरवणारी रील म्हणजे कोयता, फेटा, मागं गाणं आणि ‘भाई’. त्यातली निम्मी पोरं पोलीस भरतीला पळतात! १६०० मीटरला २० मार्क, १०० मीटरला १५, गोळ्याला १५, त्यासाठी पहाटे चारला उठायचं, आणि रात्री कोयत्याचं स्टेटस. शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंद झाला की चारित्र्य पडताळणीत येतो. स्टेटस चोवीस तासांत जातं, स्क्रीनशॉट जात नाही. अठराच्या आत असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नं त्या नोंदीची अपात्रता लागत नाही, पण अठरावा वाढदिवस झाला की ती सवलत संपली. आणि केक कोयत्यानं कापायचा तो नेमका त्याच दिवशी.

पोरांना ‘रील करू नका’ म्हटलं की करतात. ‘दंडाचं माप घेऊन रील करा, दर रविवारी’ म्हटलं की तेच पोरगं सहा महिने व्यायाम चुकवत नाही. कॅमेरा वाईट नाही हो.

रानवारा_जावळी

+१. कोयनेच्या पलीकडच्या वाड्यांत एमपीएससीचा क्लास फोनवरच पोचला. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा मेंढरं राखणारी पोरं एका रात्रीत ‘फेमस’ची बिनफेमस झाली, जुलैत रील्स आली, परत सुरू. एक दार बंद केलं की दुसरं उघडतं हे तेव्हाच कळलं. सोळाच्या आत बंदी घातली तर पोरं कुठं जातील? जिथं टीन अकाउंट वगैरे काहीच नाही तिथं.

चारभिंती

हा आक्षेप ऑस्ट्रेलियातही होता. तिथं व्हॉट्सॲप बंदीत धरलेलं नाही. वय ओळखायचं कसं हा दुसरा घोळ, कारण सरकारी ओळखपत्राचीच सक्ती कंपनीला करता येत नाही, दुसरा मार्ग द्यावा लागतो.

आपल्याकडं २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मूल म्हणजे अठराच्या आतलं. पालकाची पडताळता येईल अशी संमती, मुलांचा माग काढायचा नाही, त्यांना हेरून जाहिरात दाखवायची नाही, मोडलं तर २०० कोटींपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ ला आले, मुख्य भागाला १८ महिने मुदत. तेरा वर्षांखालच्यांवर बंदीची याचिका एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं आली, ती धोरणाची बाब म्हणून ऐकायला नकार दिला.

पण जिथं बाप स्वतः पोराला जन्मसाल फिरवून खातं काढून देतो, तिथं संमतीचा अर्थ काय राहतो, हे काचवाल्यांना विचारा.

काचवाला_विश्रामबाग

विचारू नका. काउंटरवर उभा राहून ‘तुम्हीच टाका एखादं साल’ म्हणतात.

तासगाव_माणिकचमन

यूट्यूब शॉर्ट्स बंद करायची काही युक्ती? खरीच. माझ्यासाठी नाही, घरात.

काचवाला_विश्रामबाग

‘आजीसाठी’ 😀

यूट्यूबच्या सेटिंगमध्ये मॅनेज ऑल हिस्टरी, तिथं कंट्रोल्स, वॉच हिस्टरी बंद, आणि मागची सगळी पुसून टाका. मग पहिलं पान रिकामं दिसतं, जे शोधाल तेवढंच मिळतं. नुसतं बंद करून जुनी हिस्टरी ठेवली तर पान भरलेलंच राहतं, तिथं लोक फसतात. शॉर्ट्सचं बटण तरी खाली राहतंच, त्याला टायमर.

इन्स्टात कंटेंट प्रेफरन्सेसमध्ये रिसेट आहे. दाबलं की सुचवलेलं सगळं पुसून पहिल्यापासून. पण दोन दिवस जे बघाल तेच परत जमतं, म्हणून रिसेट केल्यावर पहिले दोन दिवस सांभाळून.

तासगाव_माणिकचमन

केलं. पान कोरं. आता काय बघू?

वाईची_सून

पाऊस बघा. महाबळेश्वरला फुकट आहे.

हळदबाजार

पावसावरून आठवलं. आयर्विनला ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. तेव्हा होड्या कुठं पाठवायच्या ते व्हॉट्सॲपवरच ठरत होतं, आणि धरण फुटल्याची अफवापण तिथंच. भोंगा लावून फोन बंद करणाऱ्या गावांनी जुलै-ऑगस्टमध्ये एक फोन चालू ठेवावा.

दूधसंकलन

बरोबर. नदीकाठच्या गावात पूरकाळात भोंग्याचा अर्थच वेगळा होतो. मोबाईल बंदचा एक लांब आणि पुराचा तुटक-तुटक, असं आधी गावात सांगून ठेवा. नाहीतर सातला लोक जनावरं सोडतील.

कृष्णाकाठ

हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. वर घेतो.

ते गजराचं घड्याळ कुठं मिळतं आता? दोन दुकानं फिरलो, ‘मोबाईलमध्ये असतंय की’ म्हणाले.

चष्मा_गणपतीपेठ

गणपती पेठेत भांड्याच्या दुकानांच्या बाजूला घड्याळवाले आहेत, तिथं बघा. सेलचं घ्या, चावीचं विसरता. वर दोन घंट्या असलेलं मात्र घेऊ नका, पोरगं उठत नाही, शेजारी उठतो.

मिरज_रात्रपाळी

आणि घड्याळ उशाशी नको, दाराजवळ. उठून बंद करायला लागलं पाहिजे. ड्युटी संपली, निघते.